कळते, पण वळत नाही

शाळेची दैनंदिनी उघडली की लाल शाईतला शेरा ठरलेला. 'गृहपाठ अपूर्ण', 'वर्गात बोलतो', 'जागेवर बसत नाही', 'वही आणली नाही'. महिन्याभरात शेऱ्यांनी पाने भरतात आणि मग एके दिवशी 'पालकांनी येऊन भेटावे' अशी ओळ येते. त्या भेटीत आईवडिलांना जे ऐकावे लागते, त्याचा आशय बहुधा एकच असतो. मुलगा हुशार आहे, पण लक्ष देत नाही. घरी थोडी शिस्त लावा. घरी परतताना आईवडिलांच्या मनात दोनच शक्यता उरतात. एकतर मुलात काही दोष आहे, नाहीतर आपल्या संगोपनात. तिसरीही एक शक्यता असू शकते, हे सांगणारे त्या खोलीत बहुतेक वेळा कोणी नसते.

त्या तिसऱ्या शक्यतेला वैद्यकशास्त्रात 'अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर' असे लांबलचक नाव आहे. त्याचेच संक्षिप्त रूप एडीएचडी. मराठीत 'अतिचंचलता' हा शब्द त्यासाठी रूढ झाला असला, तरी तो अर्धेच चित्र दाखवतो. जगभरातील अभ्यासांचा एकत्रित आढावा २००७ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार मुलांमध्ये या विकाराचे प्रमाण सुमारे ५.३ टक्के आहे. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात दोन किंवा तीन मुले.

विषय डोळ्यांपुढे राहावा म्हणून आपण असा एक मुलगा कल्पू या. वय आठ वर्षे, इयत्ता तिसरी, घर डोंबिवलीत, आईवडील दोघेही लोकलने मुंबई गाठणारे, घरात आजी. सकाळी दात घासायला गेलेला हा मुलगा वीस मिनिटांनीही न्हाणीघरातच असतो, कारण नळाच्या धारेखाली पेल्याचा कारंजा करता येतो हे त्याला नुकतेच कळलेले असते. खाली स्कूल व्हॅनचा हॉर्न वाजत असतो आणि एक मोजा सापडत नसतो. वर्गात प्रश्न पुरा होण्याआधी तो उत्तर देऊन मोकळा होतो. तोंडी गणिते भराभर सांगतो, पण कागदावर अधिकचे चिन्ह न बघताच वजाबाकी करतो. रांगेत पुढच्याला ढकलतो आणि तो पडला की स्वतःच कासावीस होतो. संध्याकाळी अर्ध्या तासाचा गृहपाठ अडीच तास चालतो. शेवट रडण्यात होतो, कधी पाठीत धपाटा घालण्यात. रात्री तो झोपल्यावर आई त्याच्या अंगावरचे पांघरूण सारखे करते आणि आपलेच चुकले असे तिला वाटत राहते.

या मुलाला शांतपणे जवळ बसवून विचारा, रांगेत कसे उभे राहावे, गृहपाठ केव्हा करावा. तो सगळे बिनचूक सांगेल. 'कळते, पण वळत नाही' असे आपण वैतागून म्हणतो आणि त्यात मुलाच्या वृत्तीला दोष देतो. या विकारावर कित्येक दशके काम केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांची मांडणी जवळजवळ याच शब्दांत बसते, फक्त त्यात दोषारोप नाही. त्यांच्या मते ही ज्ञानाची उणीव नव्हे. असलेले ज्ञान योग्य क्षणी कृतीत आणण्याची अडचण आहे. हा फरक पालकांच्या लक्षात आला, की उपदेश, धाक आणि शिक्षा हे तिन्ही उपाय का फसतात ते उमगते. ते सारे 'कळण्या'साठी असतात, आणि कळलेले तर आधीच असते.

बापही असाच होता

हा आधुनिक शहरी जीवनाचा किंवा मोबाइलचा रोग आहे, असा एक समज आहे. तो खरा नाही. फ्रँकफर्ट येथील वैद्य हाइनरिश होफमान यांनी १८४५ साली मुलांसाठी काढलेल्या सचित्र पुस्तकात जेवणाच्या टेबलाशी क्षणभरही स्वस्थ न बसणारा फिलिप आहे. लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली आपल्या व्याख्यानांत, बुद्धी चांगली असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन केले. १९३७ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली यांना उत्तेजक औषधाने अशी काही मुले उलट शांत होऊन अभ्यासाला बसतात असे आढळले. योगायोग असा, की त्याच वर्षी मुंबईत, आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, देशातील पहिले बाल मार्गदर्शन केंद्र सुरू झाले. म्हणजे मुलाच्या वागण्यासाठी तज्ज्ञाकडे जाण्याची सोय या शहरात स्वातंत्र्याच्याही आधीपासून आहे. संकोच मात्र अजून पुरता गेलेला नाही.

या मुलांच्या मेंदूत नेमके काय वेगळे असते? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांच्या मेंदूची छायाचित्रे वर्षानुवर्षे घेण्यात आली. मेंदूचे बाह्य आवरण जाडीच्या कमाल टप्प्याला पोहोचण्याचे मध्यम वय इतर मुलांत साडेसात वर्षे, तर एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहा वर्षे आढळले. विकासाचा क्रम तोच, पण तीन वर्षे उशिरा. आणि हा उशीर कपाळामागच्या, म्हणजे स्वतःला थांबवणे, बेत आखणे, लक्ष टिकवणे ही कामे करणाऱ्या भागात सर्वाधिक. आपल्या डोंबिवलीच्या मुलाकडून तिसरीतल्या मुलाचा संयम अपेक्षिला जातो, पण त्या बाबतीत तो अजून बालवाडीच्या आसपास असू शकतो. बुद्धी मात्र तिसरीची, कधी त्याहून पुढची. ही विसंगतीच त्याला 'मुद्दाम करतो' असा आरोप मिळवून देते.

आनुवंशिकतेचा वाटा यात फार मोठा आहे. जुळ्या मुलांवरील अभ्यासांतून तो सुमारे तीन चतुर्थांश असल्याचे दिसून आले आहे. आजी जेव्हा म्हणते, 'काही झालेले नाही त्याला, त्याचा बापही असाच होता', तेव्हा ती निदानाला विरोध करीत असते. प्रत्यक्षात ती डॉक्टरांना हवी असलेली माहितीच देत असते. वाईट संगोपनाने, लाडाने किंवा आईच्या नोकरीने हा विकार होत नाही. साखरेनेही नाही, १९९५ साली झालेल्या अनेक चाचण्यांच्या एकत्रित पडताळणीत साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम आढळला नाही. खाद्यरंगांचे थोडे निराळे आहे. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथे २००७ साली झालेल्या प्रयोगात काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट यांच्या मिश्रणाने सर्वसाधारण मुलांतही चंचलता किंचित वाढल्याचे दिसले. रंगीत गोळ्या आणि पेये कमी करण्यात तोटा काहीच नाही, पण तेवढ्याने एडीएचडी बरा होईल ही आशा बाळगू नये.

टीव्हीपुढे तासभर बसतो, मग?

जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत (२०१३) अवधानाच्या अडचणींची नऊ आणि अतिचंचलता व उतावीळपणाची नऊ अशी लक्षणे दिली आहेत. दोहोंपैकी निदान एका गटातील सहा लक्षणे, किमान सहा महिने, वयाला न शोभणाऱ्या प्रमाणात असावी लागतात. त्यांपैकी काही बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावीत, ती दोन किंवा अधिक ठिकाणी, उदाहरणार्थ घरी आणि शाळेतही, दिसावीत आणि त्यांमुळे मुलाचे खरोखर अडत असावे. शेवटच्या अटी पहिलीइतक्याच महत्त्वाच्या आहेत. फक्त एकाच शिक्षिकेच्या तासाला धुडगूस घालणारा मुलगा, किंवा घरात भांडणे सुरू झाल्यापासून अभ्यासात मागे पडलेली मुलगी, यांचे कारण अन्यत्र शोधावे लागते.

'टीव्हीपुढे किंवा मोबाइलवरच्या खेळात तासन्‌तास गुंगतो, मग लक्ष कमी कसे?' हा प्रश्न पालक हटकून विचारतात. उत्तर असे, की या मुलांकडे लक्ष नसते असे नाही. ते हवे तेथे वळवण्याचा लगाम ढिला असतो. खेळात दर दोन सेकंदाला काहीतरी घडते, लगेच गुण मिळतात. पाढ्यांच्या वहीत तसे काही होत नाही. त्यामुळे मोबाइलसमोरची तल्लीनता हा एडीएचडी नसल्याचा पुरावा धरता येत नाही.

मुलींच्या बाबतीत निदान हमखास हुकते. खिडकीबाहेर बघत बसणारी, कोणाला त्रास न देणारी, वस्तू हरवणारी, दहा सूचनांपैकी तीनच ऐकणारी मुलगी 'धांदरट' किंवा 'स्वप्नाळू' ठरते. तिच्यात चंचलता नसते, केवळ अवधानाची अडचण असते. वर्ग बिघडवत नसल्याने तिच्यासाठी कोणी पालकांना बोलावत नाही. आठवी-नववीत अभ्यासाचा पसारा वाढला, की ती एकाएकी कोसळल्यासारखी वाटते.

उलट दिशेची चूकही होते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी २०१२ साली तपासण्यात आल्या. तेथे शाळाप्रवेशाच्या वयाची मोजणी ३१ डिसेंबरला होते, त्यामुळे डिसेंबरात जन्मलेली मुले वर्गात सर्वांत लहान असतात. जानेवारीत जन्मलेल्यांच्या तुलनेत डिसेंबरच्या मुलग्यांत एडीएचडीचे निदान ३० टक्के, तर मुलींत ७० टक्के अधिक होते. काही मुलांना विकार म्हणून जे चिकटवले गेले, ते केवळ वयाने लहान असणे होते. आपल्याकडे मुलाचे 'वर्ष वाया जाऊ नये' म्हणून धडपडून लवकर प्रवेश घेणाऱ्या पालकांनी ही आकडेवारी जरूर ध्यानात ठेवावी. आपले मूल वर्गात सर्वांत लहान असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

पंधरा मिनिटांत निदान होत नाही

एडीएचडीसाठी रक्ताची तपासणी नाही. मेंदूचा आलेख किंवा एमआरआय काढून त्याचे निदान होत नाही. तशा तपासण्या अन्य शंका असल्यासच सांगितल्या जातात. इंटरनेटवरील दहा प्रश्नांच्या चाचणीनेही होत नाही. निदान होते ते तपशिलाने, आणि तो तपशील बहुतांशी पालकच पुरवू शकतात. म्हणून बालमनोविकारतज्ज्ञ किंवा मुलांच्या विकासाचा विशेष अभ्यास केलेले बालरोगतज्ज्ञ यांच्याकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. बालवाडीपासूनची प्रगतिपुस्तके, शेऱ्यांची दैनंदिनी, दोन-चार वह्या सोबत असाव्यात. त्याआधी पंधरा दिवस एका साध्या वहीत नोंदी कराव्यात: काय घडले, किती वाजता, आधी काय चालले होते, नंतर आपण काय केले. 'खूप त्रास देतो' या वाक्यातून डॉक्टरांना काही कळत नाही. 'गृहपाठाला बसल्यापासून चौथ्या मिनिटाला उठला, वीस मिनिटांत सात वेळा' यातून पुष्कळ कळते.

शिक्षकांसाठीची प्रश्नावलीही महत्त्वाची. कॉनर्स, व्हँडरबिल्ट अशा नावांच्या या प्रश्नावल्या पालक आणि शिक्षक दोघांनीही स्वतंत्रपणे भरायच्या असतात. शाळेला कळू नये म्हणून अनेक कुटुंबे शिक्षकांचा भाग टाळतात. तसे केल्यास चित्राचा अर्धा भाग कोरा राहतो. पहिल्याच भेटीत, शाळेतून काहीही न मागवता, पंधरा मिनिटांत कोणी निदान करून चिठ्ठी लिहून दिली, तर दुसरे मत घ्यावे.

निदानापूर्वी काही गोष्टी वगळाव्या लागतात. कानात साठलेल्या स्रावाने मुलाला नीट ऐकू येत नसेल, तर ते सूचना पाळणार कशा? चष्म्याची गरज, थायरॉइडचे दोष, रक्तातील लोहाची कमतरता हेही पाहिले जाते. घोरणाऱ्या मुलाच्या नाकामागे वाढलेली ग्रंथी त्याची झोप मोडत असते. झोप न झालेले मूल मोठ्या माणसासारखे पेंगत नाही, उलट सैरभैर होते. काही सेकंद टक लावून शून्यात बघणे आणि मग काहीच न आठवणे हा अपस्माराचा एक प्रकार असू शकतो. चिंता, घरातील ताण, वर्गात कोणी छळत असणे ही कारणेही निघतात.

शिवाय एडीएचडी अनेकदा एकटा येत नाही. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, चिंताविकार यांची सोबत असू शकते. २००७ साली 'तारे जमीं पर' हा चित्रपट आल्यानंतर अभ्यासात मागे पडणाऱ्या प्रत्येक मुलाकडे त्याच चष्म्यातून पाहिले जाऊ लागले. त्या चित्रपटातील मुलाची अडचण वाचन-लेखनाची, म्हणजे डिस्लेक्सियाची होती. एडीएचडी असलेल्या मुलाला वाचता येते, पण धडा संपेपर्यंत तो पुस्तकात राहत नाही. दोन्ही असतील तर दोहोंवर वेगवेगळे काम करावे लागते. म्हणून बुद्ध्यांक आणि अध्ययन अक्षमतेच्या चाचण्याही चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांकडून करून घेतल्या जातात.

खर्चाचा प्रश्न आहेच. खासगी चाचण्या सर्वांना परवडत नाहीत. मुंबईत महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत ही सोय आहे. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाचे अध्ययन अक्षमता केंद्र त्यासाठी ओळखले जाते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासायच्या स्थितींत एडीएचडीचा समावेश असून, त्याअंतर्गत जिल्हा रुग्णालयांशी संलग्न शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभारण्यात आली. 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे. कोठे जावे हेच सुचत नसेल, तर तेथून सुरुवात करता येते.

घरातील फेरबदल

निदान झाल्यावर पुष्कळ पालकांना पहिल्यांदा वाटते ती सुटका. मग येतो तो प्रश्न: उद्या सकाळी नेमके काय करायचे?

वळण्याची अडचण ज्या क्षणी येते, मदत त्याच क्षणी आणि त्याच जागी असली पाहिजे. रविवारी दुपारी दिलेले व्याख्यान सोमवारी सकाळी न्हाणीघरात उपयोगी पडत नाही. न्हाणीघराच्या दारावर चिकटवलेली चार चित्रे उपयोगी पडतात. दात, आंघोळ, गणवेश, दूध. जे मुलाच्या डोक्यात टिकत नाही ते डोक्याबाहेर, डोळ्यांसमोर आणायचे. दप्तर रात्रीच भरून दाराशी ठेवायचे आणि त्याच्या झाकणाच्या आत वेळापत्रक लावायचे. बुटांची जागा एकच. मोजे बुटातच. हे सारे फार क्षुल्लक वाटते, पण सकाळची निम्मी भांडणे त्यातच असतात.

सूचना देण्याची आपली पद्धतही तपासावी. स्वयंपाकघरातून, कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून, 'टीव्ही बंद कर, हातपाय धू, दप्तर आण आणि कालची वही कुठेय?' असे आपण एका दमात बोलतो. त्यातले पहिले किंवा शेवटचेच मुलाकडे पोहोचते. त्याच्याजवळ जावे, डोळ्यांत पाहावे, एकच गोष्ट सांगावी आणि ती होईपर्यंत तेथेच थांबावे. यात सुरुवातीला वेळ अधिक जातो. पण पाच वेळा ओरडण्यात जाणारा वेळ कोणी मोजतो का?

या मुलांना काळाचे भान फार अंधूक असते. 'अजून अर्धा तास आहे' हे त्यांच्यासाठी निरर्थक वाक्य. भिंतीवरचे मोठे घड्याळ, टायमर, वाळूचे घड्याळ यांनी वेळ दिसू लागतो. अडीच तास चालणाऱ्या गृहपाठाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडावेत; दोन तुकड्यांच्या मध्ये जिन्यावरून एक फेरी किंवा दोरीवरच्या पन्नास उड्या. उभे राहून पाढे म्हटले, तर काही बिघडत नाही. आठ वर्षांच्या मुलाने मांडी घालूनच अभ्यास करावा हा हट्ट कोणासाठी असतो, हेही एकदा स्वतःला विचारावे. ज्या टेबलाशी तो बसतो तेथून टीव्ही, खिडकी आणि मोबाइल दिसू नये एवढे मात्र पाहावे.

बक्षिसाचे गणितही वेगळे आहे. 'पहिला नंबर आला तर दिवाळीत सायकल' हे आमिष तीन महिने लांब असल्याने त्याचा परिणाम तीन मिनिटेच टिकतो. याउलट, जे काम ठरले ते झाल्याबरोबर तक्त्यावर एक चांदणी, आणि पाच चांदण्या झाल्या की त्याच संध्याकाळी आवडीचा खेळ किंवा बाबांबरोबर अर्धा तास क्रिकेट. एका वेळी दोन-तीनच वर्तने निवडावीत, तीही नेमकी. 'नीट वाग' हे वर्तन नव्हे. 'जेवण होईपर्यंत पाटावरून उठायचे नाही' हे आहे. दोन-तीन आठवड्यांनी त्या तक्त्याचा कंटाळा येतो, तेव्हा बक्षीस बदलावे. उपाय फसला असे समजून सोडू नये. आणि मिळालेली चांदणी नंतरच्या चुकीसाठी काढून घेऊ नये. केलेले काम केलेले असते.

कौतुकाचा हिशेब तर घरोघर तुटीचाच असतो. सकाळपासून रात्रीपर्यंत या मुलाला किती वेळा नावाने हाक मारली गेली आणि त्यांतल्या किती हाका रागाच्या होत्या, हे एखाद्या दिवशी मोजून पाहावे. आकडा पाहून पालक गप्प होतात. मारण्याने क्षणभर शांतता मिळते, पण तो क्षण संपताच मूल जसेच्या तसे, आणि मारणाऱ्याला पुढच्या वेळी अधिक जोरात मारावे लागते. शिक्षा करायचीच तर ती लहान, ताबडतोब आणि आधी सांगून ठेवलेली असावी. मैदान बंद करणे ही शिक्षा मात्र कधीच करू नये. धावणे, पोहणे, कबड्डी, मल्लखांब यांवरच त्याची संध्याकाळ तगून असते. खेळाऐवजी तिसरी शिकवणी लावणारे पालक स्वतःचेच काम अवघड करतात.

घरातील मोठ्यांचे एकमत नसेल तर यातले काहीच टिकत नाही. आईने चांदणी नाकारायची आणि आजीने गुपचूप चॉकलेट द्यायचे, अशाने तक्त्याला अर्थ उरत नाही. डॉक्टरांच्या एखाद्या भेटीला आजी-आजोबांनाही न्यावे. सुनेने सांगितलेले जे पटत नाही, ते डॉक्टरांच्या तोंडून पटते, हा आपल्याकडचा अनुभव आहे. पालकांसाठीचे असे वर्तन-प्रशिक्षण हे सहा वर्षांखालील मुलांत पहिले पाऊल मानले जाते. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही या वयात औषधाआधी त्यालाच अग्रक्रम आहे.

गोळीचा निर्णय

औषधाचे नाव निघाले की घरात दोन तट पडतात. सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे मिथाइलफेनिडेट. स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन यांनी ते १९४४ साली तयार केले, आणि 'रिटालिन' हे त्याचे व्यापारी नाव त्यांच्या पत्नीच्या नावावरून पडले. हे औषध मुलाला गुंगी आणून शांत करत नाही. मेंदूतील डोपामिन आणि नॉरएड्रिनालिन या द्रव्यांची उपलब्धता वाढवून लगाम थोडा घट्ट करते. साधी गोळी तीन-चार तास काम करते. दीर्घकाळ चालणारे प्रकार शाळेचा दिवस भरून काढतात. भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे, पोट किंवा डोके दुखणे हे नेहमीचे त्रास. म्हणून सकाळी औषधाआधी भरपेट न्याहारी द्यावी. उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब यांची नियमित नोंद ठेवावी लागते आणि कुटुंबात कोणाला लहान वयात हृदयविकार असल्यास ते आधीच सांगावे लागते.

हे औषध आपल्याकडे अनुसूची 'एक्स'मध्ये येते. म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत औषधविक्रेता ठेवून घेतो. प्रत्येक दुकानात ते मिळत नाही. तीन दुकाने पालथी घालून चौथ्या दुकानात नोंदवहीत नाव लिहिले जाताना पाहिले, की पालकांच्या मनात धास्ती भरते: आपण मुलाला व्यसन तर लावत नाही ना? गैरवापर होऊ शकतो म्हणून हे निर्बंध आहेत, आणि ते योग्यच आहेत. डॉक्टरांनी ठरवलेल्या प्रमाणात, त्यांच्या देखरेखीखाली घेणाऱ्या मुलांना त्याचे व्यसन लागते असे दिसलेले नाही. ज्यांना ते मानवत नाही त्यांच्यासाठी ॲटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नसलेले औषध आहे. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

औषधाचा उपयोग किती? अमेरिकेत ५७९ मुलांवर चौदा महिने झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासात काटेकोर देखरेखीखालील औषध मूळ लक्षणांवर केवळ वर्तनोपचारांपेक्षा सरस ठरले. औषध आणि वर्तनोपचार दोन्ही मिळालेल्या मुलांना औषधाची मात्रा कमी पुरली आणि पालकांशी असलेल्या नात्यासारख्या बाबतींत त्यांना अधिक लाभ दिसला. तीन वर्षांनंतरच्या पाहणीत मात्र गटागटांतील फरक उरला नव्हता. अर्थ असा, की गोळी त्या दिवसापुरती वाट मोकळी करते. त्या वाटेने चालायला शिकवण्याचे काम उरतेच. औषध द्यावे की नाही हा निर्णय लक्षणांच्या तीव्रतेवर घ्यावा, शेजाऱ्यांच्या मतावर नव्हे. परीक्षेपुरते सुरू करून सुटीत आपल्या मनाने बंद करणे हाही मार्ग नव्हे. स्मरणशक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींतील काढे आणि पाके या उपचारांची जागा घेऊ शकत नाहीत.

दाखला काढून न्या

सर्वांत कठीण प्रसंग शाळेतला. 'तुमच्या मुलामुळे इतरांचे नुकसान होते, दुसरी शाळा पाहा' असे सुचवले जाते आणि पालक खजील होऊन दाखला काढूनही नेतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली, तरी काढून टाकण्यावरील बंदी कायम राहिली. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करते. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयाने या कायद्याच्या कक्षेबाहेर गेल्या; मुंबईतील अनेक नामांकित शाळा त्यात मोडतात, तेव्हा आधी तेवढे तपासून घ्यावे.

परीक्षेतील सवलतींबाबतही गैरसमज आहेत. महाराष्ट्रात अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षांत १९९६ पासून अधिक वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळू लागल्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांतही अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडी स्वतंत्रपणे त्या यादीत नाही. त्यामुळे केवळ एडीएचडीच्या निदानावर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळत नाही. सोबत अध्ययन अक्षमता असल्यास तिची रीतसर चाचणी करून घ्यावी लागते. ही चाचणी दहावीच्या वर्षासाठी राखून ठेवण्यात शहाणपण नाही.

कायदा हाताशी असावा, पण त्याची भाषा पहिल्या भेटीत काढू नये. साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षिकेला आणखी एक ओझे नको असते. तिला दोन मिनिटांत जमेल असे काही मागावे. पहिला बाक, खिडकी-दारापासून दूर. वही गोळा करण्याचे, फळा पुसण्याचे काम, म्हणजे उठण्याची कायदेशीर सोय. आणि रोजचे एक छोटे कार्ड: 'जागेवर बसून काम केले', 'हात वर करून बोलला', 'गृहपाठ लिहून घेतला'. शिक्षिकेने फक्त खूण करायची, चांदणी घरी मिळेल. लाल शेऱ्यांची दैनंदिनी बाजूला पडून तिच्या जागी हे कार्ड येते, तेव्हा मुलगाच ते दप्तरातून आधी बाहेर काढतो.

हे दरवर्षी जूनमध्ये पुन्हा करावे लागते. वर्ग बदलतो, बाई बदलतात आणि मागच्या वर्षीचे सगळे समजावणे पुसले जाते. शाळा उघडण्यापूर्वी एका कागदावर पाच-सहा ओळी लिहून ठेवाव्यात: मुलाला काय आवडते, काय जमते, कशाने बिनसते, बिनसल्यावर कशाने सावरतो, औषध किती वाजता असते. विकाराचे नाव त्या कागदावर शेवटच्या ओळीत लिहावे. पहिल्या ओळीत तो तोंडी गणिते भराभर सोडवतो हे लिहावे.